बुडत्याला लुमेनचा आधार

स्कूबा डायव्हिंगचा एलईडी टॉर्च हे मुळात पाण्यात हरवलेले रंग परत आणण्याचे साधन आहे. अंधार घालवणे हे त्याचे जोडकाम. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी सर्वांत आधी गिळते. पाच-सहा मीटरवर तो फिका पडतो, १० मीटरच्या आसपास जवळजवळ संपतो, मग नारिंगी आणि पिवळ्याची पाळी येते. निळा मात्र खोलवर तग धरतो. त्यामुळे मालवणच्या खानावळीत लालेलाल दिसणारी तांबोशी समुद्रात १० मीटरवर करड्या, काहीशा सरकारी रंगाची भासते. टॉर्च जवळ नेला की ती पुन्हा तांबडी होते. जवळ म्हणजे हातभर. टॉर्चच्या उजेडालाही माशापर्यंत जाऊन डोळ्यापर्यंत परत यायचे असते आणि पाणी जाता-येता दोन्ही वेळा आपला वाटा कापून घेते. दूरचा मासा मोठ्या टॉर्चने उजळतो खरा, पण लाल होत नाही.

आमच्या कोपरला समुद्र नाही. पश्चिमेला उल्हास नदीची खाडी आहे, पण तिच्यात कोणताही टॉर्च फक्त चिखलाचे दर्शन घडवतो. तरीही इथल्या ग्राहकाला हा विषय परका नाही. कोपरच्या पुढचेच स्टेशन दिवा, तिथून सावंतवाडीची गाडी सुटते आणि कुडाळला उतरले की मालवण-तारकर्ली टप्प्यात येते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही तारकर्लीलाच आहे.

खरेदीआधीचा प्रश्न असा, की टॉर्च लागतो का? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना दिवसाउजेडी आणि उथळ पाण्यात उतरवले जाते. मागून सिलिंडर धरायला प्रशिक्षक असतो. अशा वेळी डोक्यावरचा सूर्य पुरतो आणि तो चार्जही करावा लागत नाही. तरी टॉर्च हवाच असेल, तर तो खडकांच्या कपारींसाठी घ्यावा. शेवंड आणि वाम ही मंडळी दिवसाही अंधाऱ्या खोलीतच बसतात. रात्रीची डुबकी ही शिकलेल्यांची गोष्ट. बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरणे तर त्यासाठी खास शिकलेल्यांचीच. नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवतीजवळच्या समुद्रात बसवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची राज्य सरकारची योजना आहे. तसल्या ठिकाणी मुख्य टॉर्च आणि शिवाय निदान एक राखीव लागतो, कारण आत गेल्यावर पहिला विझला तर शेजाऱ्यांकडे मागता येत नाही.

आता लुमेन. एकूण बाहेर पडणारा प्रकाश लुमेनमध्ये मोजतात आणि खोक्यावर तो आकडा ग्राहकाच्या भोळेपणाच्या प्रमाणात छापतात. पडताळा घेणे मात्र सोपे आहे. १८६५० या प्रकारच्या चांगल्या लिथियम सेलची क्षमता साधारण ३५०० मिलीअँपिअर-तास, म्हणजे सुमारे १२ वॉट-तास असते. (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचा शून्य गोल आकाराचा.) एका वॉटमागे १०० लुमेन धरले, तर १००० लुमेनचा टॉर्च अशा एका सेलवर तासभर, फार तर थोडा जास्त चालतो. एकाच सेलवर १०,००० लुमेन सांगणारा टॉर्च खोक्यावरच सर्वांत प्रखर असतो. सेलवर ‘९९०० मिलीअँपिअर-तास’ छापलेले असेल, तर छापणाऱ्याच्या धाडसाचे कौतुक करून दुकानातून बाहेर पडावे. मालवणच्या पाण्याला ८०० ते १००० लुमेन पुष्कळ झाले.

पण लुमेनपेक्षा महत्त्वाचा झोत, आणि तो विचारायचे बहुतेकांना सुचतच नाही. मालवणचे पाणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्यातल्या त्यात स्वच्छ असते. एरवी त्यात गाळ आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात. रस्त्याचे खणकाम चालू असताना स्कूटरचा दिवा जशी फक्त धूळ उजळतो, तसा रुंद झोत इथे प्रत्येक कण उजळतो आणि मासा त्यांच्या मागेच राहतो. गढूळ पाण्यात १० अंशांच्या आसपासचा अरुंद झोत लांबवर पोचतो आणि खाणाखुणांसाठीही तोच बरा. १०० अंशांचा रुंद झोत व्हिडिओवाल्यांसाठी. त्यांनीही तो कॅमेऱ्याला चिकटवून नव्हे, बाजूला दांडीवर लावावा. झोताने वाळूवर सावकाश गोल काढला की ‘ठीक आहे’, जोरजोरात आडवा हलवला की ‘संकट’. सोबत्याच्या डोळ्यांवर मारलेल्या झोताचा अर्थ तो वर आल्यावर शब्दांत सांगतो.

पांढरा एलईडी हा खरे तर निळा एलईडी असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. (निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल मिळाले.) स्वस्त एलईडीत त्यामुळे तांबडा कमी, म्हणजे ज्यासाठी टॉर्च घेतला तोच नेमका तोटा. रंगदर्शकांक, अर्थात सीआरआय, ९०च्या वर असलेला घ्यावा.

पाणी आत न शिरणे हा टॉर्चचा मूलभूत स्वभाव असावा. ‘आयपी ६७’ची हमी एक मीटर खोली आणि अर्ध्या तासाची, ती बादलीत पडण्यापुरती आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून निदान ६० मीटरची क्षमता लिहिलेला टॉर्च घ्यावा. एवढे करून सगळी भिस्त असते ती एका रबरी ओ-रिंगवर. एक केस, वाळूचा कण किंवा प्रवासात खाल्लेल्या चिवड्यातला तीळ तिच्यावर बसला की पाण्याला वाट मिळते. तिला सिलिकॉन ग्रीसच लावावे. घरात सर्व दुखण्यांवर चालणारे खोबरेल आणि व्हॅसलीन इथे चालत नाही. व्हॅसलीनने काही रबरे फुगतात.

‘घरीही उपयोगी पडेल’ हा खरेदीचा कळीचा मुद्दा लंगडा आहे. हे टॉर्च भोवतालच्या पाण्याने थंड राहतात. वीज गेल्यावर दिवाणखान्यात पूर्ण प्रखरतेने लावला, तर तो तापतो. चांगला असेल तर आपणहून मंद होतो, नसेल तर एलईडी जातो. पिशवीत चुकून सुरू झाला तरी तेच, म्हणून प्रवासात सेल काढून वेगळे ठेवावेत.

मालवणच्या जेटीवर ‘आम्ही एलईडी आणलाय’ असे मोठ्याने सांगू नये. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली आणि पारंपरिक मच्छीमारांचा त्या दिव्यांवरचा राग जुना आहे. हातातला टॉर्च निरुपद्रवी आहे हे त्यांना समजते, पण समजावण्यात भरतीची वेळ निघून जाते.

वापरानंतर टॉर्च गोड्या पाण्यात भिजवून, पुसून, मगच उघडावा. सेल अर्धवट चार्ज करून ठेवावा. दुखावलेली ओ-रिंग लगेच बदलावी. आत पाणी गेलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करून पाहू नये. आत वायू साचलेला असू शकतो, म्हणून असा टॉर्च उघडताना तोंड दुसरीकडे करावे.