मेजर, मायनर आणि प्रेसवाले काका

नाशिक रोडला करिअर मार्गदर्शन फार जुनं आहे, फक्त पूर्वी त्याचे पैसे पडत नसत. बिटको चौकात कुणीही वडीलधारा माणूस पोराला थांबवून सांगायचा, "आयटीआय कर, प्रेसमध्ये अप्रेंटिस लाग, चिकटलास की सुटलास." प्रेसमध्ये नाही जमलं तर रेल्वे, रेल्वेत नाही जमलं तर एकलहऱ्याचं वीज केंद्र, आणि कुठेच नाही जमलं तर पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून मुंबई. संपलं मार्गदर्शन. देशाच्या नोटा आणि पासपोर्ट छापणाऱ्या या गावात 'अर्ज भक्कम करणे' म्हणजे जातीचा दाखला आणि डोमिसाईल वेळेवर काढणे, एवढाच अर्थ होता.

आता तसं नाही. आता पोरगी एफ.वाय.ला प्रवेश घेते तेव्हाच तीन वर्षांनंतरचा अर्ज डोळ्यांसमोर ठेवते. म्हणजे ती नाही ठेवत, तिच्या घरचे ठेवतात. पुढे एमबीए करायचं, एलएल.बी. करायचं, बी.एड. करायचं, तर त्या अर्जाला शोभतील असे विषय आत्ताच घ्यायचे. आणि विषय घ्यायला आता वावही भरपूर. 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. पूर्वी बी.ए.ला माणूस 'मराठी स्पेशल' किंवा 'इको स्पेशल' असायचा. आता तो मेजर घेतो, मायनर घेतो, शिवाय ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, पुढे एफपी, सीईपी, ओजेटी. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक वाचताना आपण कॉलेजात आहोत की वायरलेस चौकीत, हे कळत नाही. तीन वर्षांत 120 ते 132 क्रेडिट जमवायची. ती क्रेडिटच्या बँकेत पडतात, सात वर्षं टिकतात आणि व्याज लागत नाही. सहकारी बँकांचे अनुभव घेतलेल्या नाशिककरांना मुद्दल शिल्लक राहतंय हेच पुष्कळ वाटतं.

आमच्या गल्लीत प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. नोटांवरचे आकडे तपासण्यात हयात गेल्यामुळे त्यांना कुठल्याही छापील तक्त्यात चूक दिसते. त्यांची नात यंदा एफ.वाय.बी.ए.ला आहे. प्रवेशाच्या आठवड्यात काकांनी विषयांचा तक्ता ओसरीवर पसरला होता आणि लाल, निळी, हिरवी अशी तीन पेनं घेऊन बसले होते.

"मेजर राज्यशास्त्र. वकिलीला बरं," काका म्हणाले. "मायनर अर्थशास्त्र. म्हणजे एमबीएवाले नाही म्हणणार नाहीत. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागतं, तर अर्थसाक्षरता टाकलंय."

"काका, तिला काय आवडतं?"

"आवडायला आयुष्य पडलंय. आधी प्रोफाइल."

'प्रोफाइल' हा शब्द काकांनी नाशकातून आणला होता. (नाशिक रोडची माणसं कॉलेज रोडला जातात तेव्हा 'नाशकात जाऊन येतो' म्हणतात, दहा किलोमीटरवर परदेश असल्यासारखं.) तिथे एका समुपदेशकाच्या वातानुकूलित खोलीत त्यांना सांगण्यात आलं की नातीचं प्रोफाइल 'वीक' आहे आणि ते 'बिल्ड' करावं लागेल. त्यासाठी एक पॅकेज आहे. पॅकेजमध्ये विषयांची निवड, दोन ऑनलाइन प्रमाणपत्रं, एका संस्थेत स्वयंसेवा आणि शेवटी एक निबंध. निबंध समुपदेशकच लिहून देणार, पण नातीच्या मनापासून.

या पॅकेजचं मूळ अमेरिकेत आहे, आणि तिथे ते अगदीच चुकीचं नाही. तिकडे डॉक्टर किंवा वकील व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी लागते. मेडिकलला जाणारा विद्यार्थी कॉलेजात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरावीक कोर्स मुद्दाम घेतो, कारण वैद्यकीय महाविद्यालयं ते मागतात. अर्ज माणसं वाचतात, निबंध वाचतात, मुलाखत घेतात. न्यू जर्सीतला भाचा हे सगळं व्हिडिओ कॉलवर इकडे सांगतो आणि इकडे त्याचा नियम होतो. भाच्याला हे ठाऊक नसतं की महाराष्ट्रात अर्ज वाचायला माणूस बसवलेलाच नाही.

राज्याच्या एमबीए सीईटीत 200 प्रश्न असतात आणि 150 मिनिटं. त्यातले 75 तर्काचे, 50 गणिताचे, 50 इंग्रजीचे आणि 25 आकृत्यांचे. या 25 आकृत्यांत एक त्रिकोण एका वर्तुळात शिरतो, बाहेर पडताना काळा होतो आणि पुढच्या चौकटीत तो कुठे उगवेल ते आपण सांगायचं. ते सांगता आलं की पर्सेंटाइल मिळतं आणि पर्सेंटाइलवर कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, कॉलेज. पदवीला 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 45, एवढीच अट. मेजर कुठलं, मायनर कुठलं, हे त्या यादीत येतच नाही. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत जायची स्वप्नं अख्खा महाराष्ट्र बघतो. तिथेही कॅपची यादी पर्सेंटाइलचीच. ओसरीवर तीन रंगांनी रंगवलेल्या काकांच्या तक्त्याला तिथपर्यंत पोचायचा रस्ताच नाही.

तीन वर्षांच्या एलएल.बी.चंही तेच. खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के, मग सीईटी, मग यादी. पदवी कसलीही चालते. बी.एस्सी. केमिस्ट्री चालते, बी.कॉम. चालते, इंजिनिअरही चालतो. (इंजिनिअर तर हल्ली सगळीकडेच चालतो.) राज्यशास्त्र मेजर आहे म्हणून मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कुणी खुर्ची पुढे सरकवल्याचं ऐकिवात नाही.

काकांना हे मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "मग यशवंतरावांनी काय फुकट घेतले होते का विषय?"

प्रश्न बिनतोड होता. यशवंतराव चव्हाणांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन 1938 साली बी.ए. केलं, 1941 साली पुण्यातून एलएल.बी. झाले आणि कऱ्हाडला वकिली सुरू केली. पुढे 1963 साली ते आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. काकांच्या मते हा सरळ राज्यशास्त्राचा परिणाम. मी म्हटलं, काका, पदव्यांच्या आधी त्यांना जो तुरुंगवास झाला, तो तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात धरायचा? काका थोडा वेळ तक्ता बघत राहिले आणि म्हणाले, "सीईपी. समाजसेवा."

यशवंतरावांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या नावाच्या विद्यापीठाकडे वळू. मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला आलं आणि त्यानं शिक्षणाचं दार अशा माणसांना उघडून दिलं ज्यांना दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बी.ए.ला बसता यायचं. नाशिक रोडला याचं मोल मी वेगळं सांगायला नको. शाळा अर्धवट सोडून कामाला लागलेली कितीतरी माणसं चाळिशीत पदवीधर झाली आणि बढतीला पात्र ठरली. त्यांतल्या एखाद्याला वाटतं, आता वकील व्हावं. कामगार संघटनेत आयुष्य गेलंय, कलमं तोंडपाठ आहेत. तो सीईटीच्या तयारीला लागतो, क्लास लावतो, पुस्तकं घेतो. आणि मग कुणीतरी त्याला बार कौन्सिलचे 2008 चे नियम दाखवतं. मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी विधी प्रवेशाला चालत नाही, असं त्यात स्पष्टीकरण आहे. दहावी, बारावी अशा पायऱ्या चढून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्या एका ठिकाणी पूर्वीच्या शिक्षणाचा रस्ता खरोखर बघितला जातो, तिथे आपल्याकडे तो कुणीही आधी बघत नाही. वकिलाचं नाव असलेल्या विद्यापीठातून पदवीधर झालेला माणूस वकिलीच्या दारात अडकतो, आणि बारावी झालेली, कुठलीही पदवी चालणारी नात मात्र मायनर अर्थशास्त्र की मायनर इतिहास या काळजीनं जेवत नाही.

बी.एड.ची गंमत याहून सरस. इथे विषय महत्त्वाचा असतो आणि नेमका इथेच तो कुणी बघत नाही. पदवीला 50 टक्के मिळाले, सीईटी दिली, दोन वर्षं बी.एड. केलं, टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव घातलं. आता जाहिराती येतात त्या विषयवार: गणित-विज्ञान, इंग्रजी, मराठी, सामाजिक शास्त्रं. बी.ए.ला मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलीला तेव्हा शोध लागतो की माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात तिच्या विषयाचा तासच नाही. मानसशास्त्र घेताना तिला काय सांगितलेलं असतं? "मानसशास्त्र घे, मुलांची मनं कळतील." कळतात ना. पण मनं कळलेल्या शिक्षिकेला भूगोलाच्या जागेवर कोण घेणार?

सीएचं पाहा. पदवीधराला फाउंडेशन द्यावी लागत नाही, थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते. पण वाणिज्य पदवीधराला 55 टक्के पुरतात आणि बाकीच्यांना 60 लागतात. आमच्याकडच्या एका घरात पोराला बी.एस्सी.ला घातलं, कारण कॉमर्स म्हणजे 'कमी टक्केवाल्यांचं'. पोराला पदवीला 58 टक्के पडले. त्याच गल्लीतल्या कमी टक्केवाल्याला कॉमर्सला 57 पडले आणि तो गेला इंटरमिजिएटला. बी.एस्सी.वाला पोरगा आता पुन्हा बारावीनंतरच्या पोरांबरोबर फाउंडेशनच्या क्लासला बसतो. त्याला सगळे 'सर' म्हणतात.

आणि ज्यांना वाटतं की निदान बीबीए, बीएमएस घेतलं की पुढच्या एमबीएचा अर्ज आपोआप तगडा होतो, त्यांनी 2024 चा उन्हाळा आठवावा. त्या वर्षी हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत गेले आणि राज्यानं त्यांच्यासाठी पहिल्यांदा सीईटी घेतली. पोरं सीईटीला पुरेशी आलीच नाहीत, जागा रिकाम्या दिसू लागल्या, म्हणून त्याच वर्षी दुसऱ्यांदा घेतली. तोवर राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांना साक्षात्कार झाला होता की आपण शिकवतो ते बीएमएस नाहीच. ते बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) आहे! वर्ग तोच, बाक तेच, शिकवणारे तेच, फक्त कंस नवा. कंसाला एआयसीटीईची मान्यता लागत नाही आणि सीईटीही लागत नाही. विद्यार्थी अर्ज भक्कम करण्यासाठी विषय बदलतात, हे आपण ऐकून होतो. प्रवेश भक्कम करण्यासाठी विषयाचंच बारसं पुन्हा करण्याची कल्पना संस्थाचालकांची. एमबीएला शिकवण्यासारखी केस स्टडी आहे ही.

आता कुणी म्हणेल, आयआयएम तरी माणसाकडे बघतात. बघतात. अहमदाबादसह बऱ्याच आयआयएम कॅटच्या गुणांबरोबर दहावीचे, बारावीचे आणि पदवीचे गुण धरतात. काही ठिकाणी इंजिनिअर नसलेल्यांना थोडे जादा गुणही मिळतात. याचा अर्थ, अर्जासाठी योग्य ती निवड करण्याची वेळ पदवीला नव्हे, नववीतच येऊन गेलेली असते. हे काकांना मी सांगितलं नाही. धाकटा नातू आठवीत आहे.

खरं सांगायचं तर विषयांची निवड बहुतेक ठिकाणी वेळापत्रकच करतं. तुम्ही घरी तीन रंगांनी ठरवून जा. खिडकीवर कळतं की तुमचं ओपन इलेक्टिव्ह भरलंय. अर्थशास्त्राचा तास आणि राज्यशास्त्राचा तास एकाच वेळी आहे. एका विषयाचं पद मंजूर आहे पण भरलेलं नाही, म्हणून तो तासिका तत्त्वावरचे सर शिकवतात, आणि ते सर त्या दिवशी दुसऱ्या कॉलेजात असतात. मग जे उरलंय ते घ्यायचं. काकांच्या नातीचंही तेच झालं. अर्थसाक्षरता भरली होती. तिला रोपवाटिका व्यवस्थापन मिळालं.

नात खूश आहे. तिनं गच्चीवर शेवंती लावली आहे आणि तिला राज्यशास्त्रापेक्षा कलमं बांधण्यात जास्त गोडी वाटू लागली आहे. काकांनी समुपदेशकाला फोन करून विचारलं, याचा प्रोफाइलमध्ये काही उपयोग? तिकडून उत्तर आलं, "सस्टेनेबिलिटी म्हणून दाखवू." पॅकेजची रक्कम वाढली.

मला विचाराल तर रोपवाटिका उत्तम आहे. ज्या सरांचा तास रोज होतो तो विषय घ्यावा, त्यात मन लागतं, गुण पडतात, आणि किमान टक्क्यांची अट त्यातच सुटते. बाकी त्रिकोण वर्तुळात शिरताना काळा का होतो, ते सीईटीच्या आधी चार-सहा महिने बसून शिकता येतं. पण कृपा करून विषय निवडायच्या आधी, वकिलीचे, बी.एड.चे किंवा सीएचे पात्रतेचे नियम स्वतः उघडून वाचा. प्रवेशाची माहिती पुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, सीएचे नियम त्यांच्या संस्थेच्या. दोन्ही फुकट असतात, आणि फुकट म्हणूनच कुणी वाचत नाही.