न चिकटणाऱ्यांची चिकाटी

1983 साली अमेरिकेच्या संसदेतल्या सदस्या पॅट्रिशिया श्रोडर यांनी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना टेफ्लॉनची उपमा दिली. काहीही घडो, या गृहस्थांना काही चिकटतच नाही! ही उपमा त्यांना म्हणे मुलांसाठी अंडी करताना सुचली. सुचणारच. काय करपलं आणि कोणाच्या दुर्लक्षामुळे, याचा हिशेब स्वयंपाकघराइतका चोख दुसरीकडे कुठे ठेवतात?

आमच्या कारधासमोर, वैनगंगेपलीकडे भंडारा. पितळी भांड्यांचं गाव. पितळेला सगळंच लागतं: धूर, डाग, चिंचेचा आंबटपणा. मग घासा, कल्हई करा. माणसं मात्र कल्हईशिवाय लखलखीत राहतात.

2020च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलेलं, खाली गोसेखुर्दचं धरण. असा पूर ओसरला की चिखल भिंतींवर बसतो, गाद्यांत बसतो, धानाच्या पोत्यांत बसतो. दोष तेवढा कुठेच बसत नाही. टपरीवर कान द्या. वरच्यांनी सांगितलं नाही, खालच्यांनी दरवाजे उघडले नाहीत, मधल्याचा फोन लागत नव्हता. शेवटी खापर पावसावर फुटतं. त्याला नोटीस काढता येत नाही ना!

टेफ्लॉनची खरी गोम वेगळीच आहे. ज्याला काही चिकटत नाही, ते तव्याला कसं चिकटवतात? आधी धातू खरवडून खडबडीत करतात, मग लेपाचे थर चढवून तापवतात. म्हणजे इतर कशालाही थारा न देणारा हा पदार्थ स्वतः आपली जागा गच्च धरून असतो. खुर्चीतले काही ओळखीचे चेहरे आठवले असतील, तर तो योगायोग समजावा.

आणि हे सापडलं कसं? 6 एप्रिल 1938 रोजी ड्यूपॉन्ट कंपनीच्या रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाने वायूचा सिलिंडर उघडला. वायू येईना, वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचं. भरणाऱ्याच्या नावाने बोटं मोडून तो चहाला जाऊ शकला असता. त्याने सिलिंडर कापायला लावला. आत पांढरी भुकटी निघाली, तेच टेफ्लॉन.

कारधाला वैनगंगेची पातळी मोजतात. धोक्याची खूण 245.50 मीटरवर आहे. पुढच्या वेळी पाणी ती खूण ओलांडेल, तेव्हा पाऊस किती झाला हे विचारूच. पण निरोप कोणी दिला, कोणाला दिला, किती वाजता दिला, हेही विचारू. आणि उत्तर लेखी मागू.