हला थोडं!

लग्नात सगळ्यात घाईत कोण, या प्रश्नाला पूर्वी तीनच उत्तरं होती : भटजी, आचारी आणि मुलीचा मामा. कार्ला फाट्यापासून मळवलीपर्यंतच्या लॉनवर आता चौथा इसम दाखल झालाय. गंमत अशी की लोकांना सावकाश दाखवणं हाच त्याचा धंदा. काळी पँट, काळा टी-शर्ट, कमरेला पाऊच, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि दातांत धरलेला काळ्या टेपचा तुकडा. पत्रिकेत त्याचं नाव नसतं, रुसव्याफुगव्यात त्याचा वाटा नसतो. पण नवरदेव मांडवात यायच्या आधी तो आलेला असतो आणि शेवटची पंगत उठून टेबलं पुसली जात असताना तो चौथऱ्याचे नट सोडवत बसलेला असतो. तरणी पोरं त्याला ‘थ्री-सिक्स्टी’ म्हणतात, म्हातारी मंडळी सरळ ‘तीनशेसाठ’. ‘अरे, तो तीनशेसाठ जेवला का बघा,’ असं एखादी काकू शेवटी विचारते तेव्हा भात संपलेला असतो.

ज्यांनी अजून त्याचं यंत्र पाहिलं नसेल (म्हणजे गेल्या काही वर्षांत ज्यांना कुणी लग्नाला बोलावलंच नसेल) त्यांच्यासाठी सांगतो. एक गोल, बुटका चौथरा. त्यावर दोन-तीन माणसं चढतात. चौथऱ्याखालून निघालेल्या लांब दांड्याच्या टोकाला कॅमेरा नाहीतर मोबाइल आणि गोल दिवा. रिमोट दाबला की दांडा घाण्याच्या बैलासारखा उभ्या मंडळींभोवती फिरतो. कॅमेरा सेकंदाला शंभर फ्रेम टिपतो आणि दाखवताना त्या पंचवीसच्या चालीनं सोडल्या जातात. म्हणजे अडीच सेकंदांची गिरकी दहा सेकंद पुरते. तेवढ्या दहा सेकंदांत प्रत्येक वऱ्हाडी हिरो.

आता यात अवघड काय, असं वधूपित्याला वाटतं. पैसे ठरवताना तो तसं बोलूनही दाखवतो. अवघड पहिलं म्हणजे जमीन. आजची लॉन कालपरवापर्यंत इंद्रायणी नाहीतर आंबेमोहोर भाताची खाचरं होती. हिरवळीखालची माती अजून भाताच्याच आठवणीत आहे. चार धिप्पाड पाहुणे चढले की चौथऱ्याचा एक पाय आत रुततो आणि दांडा एका बाजूला जमिनीला खेटून जातो. मग तीनशेसाठ पालथा पडून पायाखाली काहीतरी सरकवतो. फरशीचा तुकडा, फळीचा तुकडा, पण सगळ्यात उत्तम म्हणजे घडी घातलेली लग्नपत्रिका. हल्लीच्या पत्रिका जाड असतात. ‘पाच पत्रिका द्या,’ असं तो आल्या आल्या मागतो तेव्हा यजमानाला वाटतं, पोरगं कौतुकानं मित्रांना वाटणार.

दुसरं अवघड म्हणजे वीज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून मांडवातले बहुतेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा 120 फ्रेमवर ठेवला की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला निराळा उजेड येतो. व्हिडिओ चौपट हळू झाला की नवरी सेकंदाला पाच वेळा उजळते आणि पाच वेळा काळवंडते. 100 वर ठेवला की दिव्याचा नि कॅमेऱ्याचा ताल जुळतो. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, तिकडे 120 चालतं. यंत्र जगभर विकलं जातं, म्हणून मेनूत ‘एनटीएससी’ आणि ‘पाल’ अशी दोन्ही दारं ठेवलेली असतात. आपलं दार दुसरं. एकदा ऐन गर्दीत तीनशेसाठनं मदतीला आणलेल्या भाच्याला लांबून ओरडून सांगितलं, ‘आरं, पाल लाव, पाल!’ आणि पुढच्या रांगेतल्या बायका साड्या सावरत खुर्च्यांवर चढल्या.

एवढं करून लाइट गेली की जनरेटर. जनरेटरचा ताल त्याच्या मनावर. आचाऱ्यानं मोठा पंखा लावला की इंजिन दमतं, हर्ट्झ घसरतात आणि नवरी पुन्हा लुकलुकते. त्यात डेकोरेटरशी वैर आहेच. फ्रेम जेवढ्या जास्त, तेवढा प्रत्येकीला कमी उजेड मिळतो. साध्या व्हिडिओला लागतो त्याच्या चौपट दिवा याला हवा. डेकोरेटरला मात्र जांभळा अंधार हवा असतो, कारण पिंटरेस्टवर तसा असतो. दोघं एकमेकांचे प्लग काढतात.

पण जमीन आणि वीज या सोप्याच गोष्टी. त्याची खरी झुंज माणसांशी.

आपल्या तीन पिढ्यांना फोटोवाल्यांनी एकच मंत्र दिला : हलू नका. आजोबांनी छाती भरून श्वास घेतला तो स्टुडिओतला पडदा गुंडाळला गेल्यावर सोडला. वडिलांनी ताजमहालाच्या पडद्यापुढे हात शिवणीला लावले. त्या घराण्यातली माणसं चौथऱ्यावर चढली की आपोआप सावधान होतात. दांडा फिरतो, दिवा फिरतो, गाणं वाजतं, आणि मधे मावळातले चार नाना फेटे बांधून, मुठी वळून, समोर बघत उभे. हे चौपट हळू केलं तर काय होणार? फोटोच होतो. आधी नाना उभे असतात, मग नाना आणखी उभे असतात. पापणी लवते तेवढी एक घटना.

‘नाना, हला थोडं!’ तीनशेसाठ कळवळतो.

‘कुठं जाऊ?’ नाना विचारतात.

इथे त्याची कला सुरू होते. मी म्हणेन, कॅमेरा कुणीही विकत घेईल, पण एका बुजुर्ग माणसाला अडीच सेकंदांसाठी पोर करणं हा माल कुठल्याही दुकानात मिळत नाही. आत्याबाई असतील तर तो म्हणतो, ‘आत्या, पदर उडवा की वं.’ आत्याबाईंनी जन्मभर पदर सांभाळलेला. त्या लाजतात, सुनेकडे बघतात आणि मग असा काही उडवतात की दांड्यात अडकतो. मास्तर असतील तर त्यांच्या हातात गुलाबाच्या पाकळ्या देऊन ‘फुंकर मारा सर’ म्हणतो. मास्तर खडूची भुकटी उडवावी तसे फुंकतात आणि अचूक येतं. राजकारणी असला तर काही सांगावं लागत नाही, तो चढतानाच हात हलवत असतो. सगळ्यात बिकट नवरदेव. त्याला चालण्यापासून वळण्यापर्यंत सगळं चित्रपटातल्यासारखं हवं असतं. 2016 साली ‘सैराट’मधला परश्या हळूहळू विहिरीत पडला आणि तेव्हापासून गावोगावचे नवरदेव हवेत तरंगायला बसलेत. ‘दादा, मी उडी मारतो, तू पकड,’ असं तो म्हणतो. तीनशेसाठ चौथऱ्याकडे बघतो, नवरदेवाच्या वजनाकडे बघतो आणि म्हणतो, ‘फक्त गॉगल घाला दाजी. सावकाश.’

डोंगरावरच्या एकवीरेच्या दर्शनाला आलेलं आगरी-कोळी वऱ्हाड मात्र खाली मुक्कामाला उतरलं की तीनशेसाठचं वाक्य एकदम फिरतं. हळदीच्या रात्री तो रडकुंडीला येऊन ‘थांबा, थांबा, दोघंच!’ ओरडत असतो आणि चौथऱ्यावर अख्खं घराणं नाचत असतं. त्यांना हलायला शिकवावं लागत नाही, उतरवावं लागतं. मोटर तापते, तो तिच्यावर ओला नॅपकिन टाकतो. असा एक व्हिडिओ मी पाहिलाय. एका काकूंच्या केसातला गजरा सुटून हवेत जातो आणि फिरत फिरत नेमका व्याह्यांच्या खांद्यावर उतरतो. चार सेकंद तो गजरा एकटाच आहे. लग्नाच्या चार तासांच्या अधिकृत फिल्ममध्ये असलं काही नाही.

तीनशेसाठला विचारलं की चौथऱ्यावर उभं कसं राहावं हे कुठून शिकावं, तर तो डोंगराकडे बोट दाखवतो. वर कार्ल्याच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, दांपत्यं कोरलेली आहेत. वजन एका पायावर, कंबर किंचित कललेली, बाईचा हात सहज टेकलेला. ‘दोन हजार वर्षं झाली, पोझ सोडली नाय,’ तो म्हणतो. ‘आणि बघा, आखडल्यात का? आत्ता हलतील असं वाटतं.’ तिथे ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून चौथरा तो वर नेत नाही. जोडप्यांना तेवढं ‘बघून या’ म्हणतो.

या मुलखाला चित्राचं वेड नवं नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1899 मध्ये मुंबईहून हलला तो इथेच, मळवलीला. त्याच छापखान्याच्या कामानिमित्त दादासाहेब फाळके काही काळ लोणावळ्यात होते. पुढे फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, महिनाभर थोडं थोडं टिपलं आणि मिनिटभरात कोंब उगवून वेल झालेला लोकांना दाखवला. महिन्याचं मिनिट करणारा माणूस ज्या भागात राहून गेला, तिथे आज अडीच सेकंदांचे दहा करणारा वावरतो. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘वाटाणा बरा. हलू नको म्हणावं लागत नाही, हल म्हणावं लागत नाही.’

व्हिडिओ निघाला की सॉफ्टवेअरचा अंमल सुरू होतो. टॅबलेटवर आकडे उलटे मोजले जातात, तुकडा आधी भरभर, मग हळू, मग उलटा फिरतो, वर गाणं चढतं आणि भोवती नवरा-नवरीच्या नावाची महिरप बसते. ही महिरप रोज बदलायची असते. ती बदलायची राहते. आदल्या दिवशीच्या वडगावच्या लग्नातल्या जोडप्याची नावं आजच्या पाहुण्यांभोवती झळकतात. आजच्या वराचा मामा ती वाचतो आणि मांडवात ‘ही कोण बाई?’ असा सवाल उठतो. तीनशेसाठ तेव्हा जनरेटरमागे काहीतरी तपासत असतो.

शेवटी क्यूआर. तो स्कॅन केला की व्हिडिओ आपल्या फोनवर. पण चौकोनी ठिपके दिसले की माणसांचा हात पैसे भरायला जातो, त्याला कोण काय करणार? ‘किती टाकू?’ नाना विचारतात. ‘पैसे नाय नाना, तुमचा व्हिडिओ हाय त्यात.’ ‘पत्रिकेत आहेर आणू नये लिहिलंय, म्हणून इथं गुपचूप लावलाय व्हय?’ नाना डोळा मिचकावतात आणि पत्नीला म्हणतात, ‘पाचशे एक टाक.’ त्यातून रविवार असेल, पर्यटकांच्या गाड्यांनी जुना हायवे तुंबलेला असेल, तर नेटवर्कही तुंबतं. व्हिडिओचं चक्र टॅबलेटवर फिरत राहतं. तेवढंच एक स्लो मोशन त्याला आवडत नाही.

आणि बाकी. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे ‘कार्य झाल्यावर’. कार्य झाल्यावर वधूपिता रडत असतो, वरपिता गाडीत बसलेला असतो. या धंद्याला हा शापच दिसतो. स्लो मोशनची युक्ती ऑस्ट्रियातल्या आउगुस्ट मुस्गर नावाच्या पाद्र्यानं काढली. हा भौतिकशास्त्राचा शिक्षकही होता. 1904 मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि फी भरायला पैसे नसल्यानं ते पुढे हातचं गेलं. ‘म्हणजे पहिल्यापासूनच उधारी,’ तीनशेसाठ म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं.

आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. तेव्हा तो बारशी, वाढदिवस आणि रिसॉर्टवर भिजायला आलेल्या कंपन्यांची माणसं फिरवतो, मोटरला तेल घालतो.

गेल्या हंगामात त्याचं स्वतःचं लग्न झालं. यंत्र अर्थातच घरचं. रिमोट भाच्याकडे. नवरी नटून चौथऱ्यावर उभी, शेजारी हा. दांडा फिरला, कागदाच्या चंदेरी टिकल्या उडाल्या, आणि पाव फेरीतच याला दिसलं की मोबाइल क्लिपमध्ये जरासा तिरका बसलाय. तो खाली उतरला. व्हिडिओत त्यापुढे एका बाजूला नवरदेवाची पाठ आणि पाऊच दिसतं आणि मधोमध नवरीचा चेहरा. आधी हसू, मग हसू अडकतं, मग भुवई, मग दुसरी भुवई, मग ओठ मिटतात, नथ थरथरते, आणि टिकल्या अजून पडतच असतात. राग माणसाच्या तोंडावर कसा पायरी-पायरीनं चढतो, ते इतकं स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही. फोकस पक्का, उजेड भरपूर, लुकलुक औषधालाही नाही.

नमुना म्हणून गिऱ्हाइकांना तो आता हाच व्हिडिओ दाखवतो. ऑर्डर जागेवर पक्की होते. बायकोनं प्रत्येक ऑर्डरमागे टक्का मागितलाय. तो आगाऊ द्यावा लागतो.