तात्या जुळवतात

पोशीरमध्ये कुणाच्या घरी लग्नाची मुलगी असो की दारात बंद पडलेली पिकअप, पहिली हाक तात्यांना जाते. दोन्ही कामांत तात्यांचं भांडवल एकच: "आपला मानूस हाय तिथं." हा माणूस कधी कर्जतला असतो, कधी खोपोलीत, कधी कल्याणला. तो आजवर कुणी पाहिलेला नाही. त्याचा फोन मात्र नेहमी "आत्ता लागत होता, बघ."

तात्यांकडे स्वतःची गाडी नाही. सायकल आहे, तीही पुतण्याची. पण नेरळ-कळंब रस्त्यावर कुठंही बॉनेट उघडं दिसलं की तात्या चालत्या रिक्षातून उतरतात, मागे हात बांधून इंजिनात डोकं घालतात आणि म्हणतात, "ह्याला त्याचं लागतं."

"लागतं" हा तात्यांचा मूलमंत्र. एके काळी तो खोटाही नव्हता. डुक्कर टेम्पो आणि मॅटाडोरच्या दिवसांत आकार जुळला की वस्तू बसायची, नाही बसली तर कानशीने घासून बसायची. पंप डिझेल ढकलायचा, इंजिन धडधडायचं. आपल्याला डिझेल पाजणारा हा पंप कुठल्या घरचा, असल्या चौकश्या इंजिन करत नसे. त्या काळात तात्यांनी जुळवलेले दोन गिअरबॉक्स अजून संसार करताहेत. लग्नांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येणार नाही.

पुढे गाड्यांना मेंदू आला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ सक्तीचं झालं. आमच्या भावाची पिकअप त्यानंतरची, म्हणजे डॅशबोर्डखाली ॲल्युमिनियमचा डबा असलेली. कुठल्या इंजेक्टरने कधी आणि किती डिझेल सोडायचं ते हा डबा ठरवतो. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात, गाव कॉम्प्युटर म्हणतं, आणि आमची आई म्हणते, "त्या मेल्या डब्यात असतं तरी काय?"

जूनच्या तोंडावर या पिकअपचा फाळका तुटला. वेल्डिंगवाल्याला घरीच बोलावलं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची असते हे त्यालाही ठाऊक होतं, पण माथेरानच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि चहा गार होत होता. फाळका उत्तम जुळला, आजही हलत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीही हलेना. स्टार्टर फिरे, इंजिन धरेना, चेक लाइटही पेटेना. मेकॅनिक पोराने फ्यूज, रिले, अर्थिंग सगळं बघितलं. स्कॅनर लावला, डबा त्याच्याशीही बोलेना. "ईसीएम गेला," तो म्हणाला. नव्याची किंमत ऐकून भाऊ गोठ्यातल्या म्हशीकडे बघायला लागला.

तेवढ्यात तात्या आलेच. "नवा कशाला? कुर्ल्याला आपला मानूस हाय."

कर्जत लोकलमध्ये नेरळला आम्ही चढलो तेव्हा डबा तात्यांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेला होता. समोरच्या बाईंनी तात्यांचा जपून धरलेला हात बघून हळूच विचारलं, "अस्थी का?" तात्या गंभीरपणे म्हणाले, "नाय, अजून आशा हाय."

कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या गल्लीत अर्थातच तो माणूस नव्हता. "तो गावाला गेलाय" असं तात्यांनीच आम्हाला सांगितलं. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "नंबर?" तात्यांनी गाडीचा नंबर सांगितला. दुकानदाराने डबा उलटा करून त्यावरचा स्टिकर दाखवला. हीच इथली पत्रिका. डबा बॉशचा, नंबर दहा आकडी. ०२८१ने सुरू झाला की डिझेल, ०२६१ने सुरू झाला की पेट्रोल. एवढ्याने फक्त कूळ कळतं. पुढचे सहा आकडे जुळले पाहिजेत, आणि ते जुळूनही आतलं सॉफ्टवेअर वेगळ्या मॉडेलचं निघू शकतं. तात्यांना हे सगळं फार आवडलं. एवढी वर्षं कानशीने जे करायचं ते आता कागदावर बघून करायचं, म्हणजे त्यांचा दुसरा धंदाच की!

पण पत्रिकेतसुद्धा तात्या छत्तीसपैकी अठरा गुणांवर भागवणारे. दहांतले आठ आकडे जुळणारा एक डबा त्यांनी लगेच पसंत केला. "सॉकेट तेच, स्क्रूची भोकं तीच. लागतो ना!" दुकानदार कष्टाने म्हणाला, "काका, बसेल. चालणार नाही." तात्यांनी तरीही तो घेतला. दुसऱ्या दुकानात दहाही आकडे जुळणारा मिळाला. पावती घ्या म्हटलं तर तात्यांना अपमान वाटला, पण मी घेतली. असल्या बाजारात वस्तू कुठल्या गाडीतून निघाली हे कागदावर असलेलं बरं.

पोशीरला येऊन दहा आकडीवाला बसवला. चेक लाइट पेटला. तात्यांनी नारळ मागवला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं, डॅशबोर्डवर चावीचं चित्र उघडझाप करू लागलं. इमोबिलायझर! चावीच्या मुठीत एक चिप असते, तिची ओळख गाडीत नोंदलेली असते. परक्या घरचा डबा त्या चावीला ओळखत नाही, आणि ओळख पटली नाही तर डिझेल सोडत नाही. पत्रिकेत आठ गुण एकट्या नाडीचे असतात. "नाडीदोष," तात्या म्हणाले, आणि नारळ परत पिशवीत ठेवला.

यावरची शांत शेवटी कल्याणला झाली. पंचविशीतला मुलगा, टेबलावर लॅपटॉप, भिंग आणि गरम हवेची बंदूक. त्याने आमचा मेलेला डबा उघडून दाखवला. जळला होता तो करंट आत घेणारा कोपरा, आठवण शाबूत होती. ती सगळी वाचून त्याने दहा आकडीवाल्या डब्यात उतरवली. चावीची ओळख आली, गाडीचं सॉफ्टवेअर आलं, चार इंजेक्टरचे सात-सात अक्षरांचे कोडसुद्धा आले. तात्या दोन तास स्टुलावर हलले नाहीत. एवढा वेळ ते कुणाच्या साखरपुड्यातही गप्प बसलेले नाहीत. निघताना त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "लग्न झालंय का?"

गाडी त्याच संध्याकाळी सुरू झाली. तात्यांनी नारळ फोडला आणि भावाला म्हणाले, "बोललो नव्हतो, आपला मानूस हाय?" तो कल्याणचा मुलगा आता तात्यांचा माणूस आहे. त्याचा फोन मात्र खरंच लागतो.

आठ आकडे जुळलेला पहिला डबा तात्यांच्या पडवीत कोनाड्यात ठेवलेला आहे, स्वच्छ पुसलेला. कुणाच्या गाडीला लागत असेल तर बघा.