शिल्लक आहे, उपलब्ध नाही

जालना जिल्ह्यात पाऊस हवा तेव्हा येत नाही, आणि आला की अनुदान जाहीर करावं लागेल इतका येतो. मग पंचनामे होतात, याद्या लागतात, केवायसी होते, सर्व्हर झोपतो, सर्व्हर उठतो आणि एके दिवशी मोबाइल वाजतो : खात्यात रक्कम जमा. भोकरदन असो की घनसावंगी, माणूस दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात हजर. काउंटरवरचे साहेब स्क्रीनकडे बघत सांगतात, "पैसे आलेत मामा, पण खात्याला होल्ड आहे."

"मंग काढता येनार नाहीत?"

"नाही."

"मंग आलेत कशाला?"

यावर साहेबांकडे उत्तर नसतं. पुढच्याचं टोकन असतं.

बँकेच्या स्क्रीनवर प्रत्येक खात्याचे दोन आकडे असतात. एक एकूण शिल्लक, दुसरी उपलब्ध शिल्लक. पहिला आकडा बघून खूश व्हायचं, दुसरा बघून घरी जायचं. पीककर्ज थकलं की बचत खात्यावर होल्ड बसतो. पहिला आकडा जागेवर राहतो आणि दुसरा शून्यावर येतो. बँकेला यासाठी कायदा विचारा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७१ तयार असतं. दीडशे वर्षांपूर्वीचं कलम तोंडपाठ, गेल्या महिन्यातला शासन निर्णय मात्र 'अजून वरून आला नाही'.

त्या शासन निर्णयात काय असतं? अतिवृष्टीच्या मदतीचा आदेश निघाला की त्यात एक ठरलेलं वाक्य असतं : या रकमेतून बँकांनी कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. बँका आज्ञाधारक. वसुली करतच नाहीत. रक्कम नुसती धरून ठेवतात. शेतकरी चार खेटे घालून दमतो आणि स्वतःच म्हणतो, "घ्या सायेब कर्जात वळती करून." झालं. आदेशही पाळला आणि वसुलीही झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगितीही दिली. स्थगिती वसुलीला होती, होल्डला कुठे होती?

याच जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अनुदान घोटाळा २०२५ मध्ये गाजला. बोगस नावांवर कोट्यवधी रुपये उचलले गेले, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. ज्यांची शेती नव्हती त्यांचे पैसे सुरळीत निघाले. शेती नसली की पीककर्ज नसतं, पीककर्ज नसलं की होल्ड नसतो. व्यवस्थेत कुठेच चूक नाही, बघा.

आता खरी गंमत. समजा, खात्यात अनुदानाचे पाच हजार आहेत आणि सगळ्यावर होल्ड आहे. पाच तारखेला मोटारसायकलचा चोवीसशेचा हप्ता येतो. फायनान्सवाल्याचं मशीन खातं ठोठावतं. बँकेचं मशीन म्हणतं, शिल्लक अपुरी. हप्ता बाउन्स. बँकेचा दंड समजा अडीचशे, वर अठरा टक्के जीएसटीचे पंचेचाळीस, म्हणजे दोनशे पंच्याण्णव. फायनान्सवाला चार दिवसांनी पुन्हा ठोठावतो, पुन्हा दोनशे पंच्याण्णव. तिसऱ्यांदा ठोठावलं की आठशे पंच्याऐंशी. फायनान्सवाल्याचा स्वतःचा बाउन्स चार्ज आणखी वेगळा. पाच हजारांचा मालक असलेला माणूस चोवीसशेपायी दोन्हीकडून दंड भरतो. त्याचा गुन्हा? पैसे होते आणि ते खर्चायचं त्याच्या मनात आलं.

अमेरिकेत खात्यात नसलेले पैसे बँक खर्चू देते आणि त्या उधळपट्टीबद्दल अनेक बँका ३५ डॉलरच्या आसपास वसूल करत आल्या. त्यावर तिकडे केवढा आरडाओरडा. आपली बँक असलेले पैसे खर्चू देत नाही आणि त्याचेही पैसे घेते. प्रगत कोण, तुम्हीच ठरवा.

दुसरा दंड किमान शिल्लकेचा. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला पैसे कमी असल्याबद्दल पैसे मागायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा पुतळा जिल्हा बँकेच्या आवारात उभारायला हवा. २०१७ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या खात्यावर जवळपास १,७७२ कोटी गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीचा तिचा निव्वळ नफा होता सुमारे १,५८१ कोटी. बोभाटा झाला, दंड उतरला, मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने तो सोडून दिला. बाकीच्या सरकारी बँकांनी वसा टाकला नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून सुमारे ८,५०० कोटी जमवले, हे संसदेत सांगितलं गेलं. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन या बँकांनी एकामागून एक हा दंड रद्द केला. गंगेत घोडं न्हालं. पण त्या घोड्यावर बसून आधीच गेलेले पैसे काही परत आले नाहीत.

मधल्या काळात ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे तीन हजार आले. बायकांनी पासबुक भरून घेतलं तर जमेची ओळ एक आणि खाली वजावटीची रांग : किमान शिल्लक दंड, एसएमएस शुल्क, कार्डाचं वार्षिक शुल्क, प्रत्येकाखाली जीएसटीची चिल्लर. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली खाती. दंड साचत गेला होता, वाट फक्त पैशांची होती. भावाची ओवाळणी बँकेनेच आधी ओवाळून घेतली. शेवटी मंत्र्यांना बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका.

खरं तर रिझर्व्ह बँकेचा नियम नोव्हेंबर २०१४ पासून आहे. शिल्लक घटली तर आधी ग्राहकाला कळवा, भरायला महिना द्या, दंड तुटीच्या प्रमाणात घ्या आणि केवळ या दंडापायी खातं उणे होऊ देऊ नका. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला तर किमान शिल्लकच लागत नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यावर हा दंड लावायला एप्रिल २०२४ पासून मनाई आहे. नियम चांगला आहे. तो फळ्यावर लावलेला कुणी पाहिला असेल तर कळवावं.

या सगळ्यात हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्ट आहे. दर मेअखेर खात्यातून दोन छोट्या रकमा जातात : जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २०. पहिल्यात मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. हप्ता आपोआप कापला जातो, पण खात्यात पैसे असतील तरच. होल्डने उपलब्ध शिल्लक शून्य करून ठेवली असेल तर ४३६ रुपये जात नाहीत आणि विमा संपतो. कुणी फोन करत नाही, पत्र येत नाही. मेच्या अखेरीस शेतकरी बियाण्याच्या उधारीत गुंतलेला असतो. पुढे जुलैत विहिरीवरची मोटार सुरू करताना काही घडलं, तर बायको कागद घेऊन बँकेत येते आणि तिला कळतं की खात्यात पाच हजार होते, पण चारशे छप्पन नव्हते. पीककर्जाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या यंत्रणेला हे आधी दिसत नाही, असं मानायला मी तयार नाही. ते पाहणं तिच्या कामात बसत नाही, एवढंच.

तर करायचं काय? भांडू नका, साहेब लोक भांडणाला सरावलेले आहेत. एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहा. माझ्या खात्याला होल्ड कोणत्या आदेशाने लावला? किती रकमेवर? कधीपर्यंत? खाली अनुदानाची रक्कम आणि तारीख. कागदाच्या दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर आवकचा शिक्का मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते.

शिक्का मागितला की साहेब म्हणतील, "मामा, एवढ्यासाठी लेखी कशाला, बसा, बघतो." आणि ज्या होल्डला मुंबईहून परवानगी लागत होती, तो चहा येईपर्यंत शाखेतूनच उठलेला असेल. मात्र पैसे हातात पडेपर्यंत शिक्क्याचा आग्रह सोडू नका. चहाचे पैसे ते कुठल्या नावाखाली कापतील, सांगता येत नाही.