संकराला आलेला भाव

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी संकरित जातीचे छोटे कुत्रे पाळायचे ठरले, की शोध छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांतून सुरू होऊन पुण्यापर्यंत पोहोचतो. वास्तविक ज्याच्या पूर्वजांचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही असा अस्सल संकर बसस्थानकाच्या आवारात फुकट पहुडलेला असतो. फरक इतकाच, की ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन यांनी १९८९ च्या सुमारास लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकराला ‘लॅब्राडूडल’ असे नाव दिले आणि नाव मिळताच मिश्रणाला भाव आला (कॉनरॉन यांनी पुढे या उद्योगाबद्दल खेद व्यक्त केला, पण खेदाला गिऱ्हाईक नसते). संकरात शिह त्झूसारख्या आखूड नाकाच्या जातीचा अंश असला, तर धापा टाकून, म्हणजे जीभ व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून, शरीर थंड ठेवण्याची कुत्र्याची मूळ सोयच अपुरी पडते आणि मराठवाड्याच्या ४० अंशांच्या मे महिन्यात त्याच्यासाठी कूलर येतो, जो घरातल्या आजोबांना गतवर्षी मागूनही मिळालेला नसतो. गावठी पिलाला सावली, पाणी आणि भाकरी एवढ्यावर सोडून द्यावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची पहिली लस, पुढे नियमित मात्रा, जंतनाशक आणि वेळेवर नसबंदी त्यालाही लागते, आणि ही लस वंशावळ न विचारता दोघांनाही सारख्याच मात्रेत टोचली जाते.