विषय : हॉर्न वाजवू न दिल्याबाबत

चहा घ्या आणि ऐका, कारण घरी हे ऐकून घेणारं आता कुणी उरलेलं नाही.

संध्याकाळी सांगवी फाट्यावरून जो गाडी काढतो, त्याला जगात कुठेही गाडी चालवता येते, असा आमच्या भागात ठाम समज आहे. त्यात जपान डावीकडून चालणारा देश. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो, तो आपल्याकडे आरटीओत मिळतो, मुदत एक वर्ष. शिवाय मी चाकणला जपानी कंपनीत. फाइव्ह-एस आणि कायझेनचे तक्ते भरून बोटं झिजलेली. पात्रता सर्व बाजूंनी सिद्ध. तेव्हा तिथे गाडी भाड्याने घेतली आणि आम्ही उभयता संस्कृती बघायला निघालो.

पहिला अन्याय हॉर्नचा. तिथल्या कायद्याप्रमाणे हॉर्न वाजवायचा तो फलक असेल तिथे किंवा धोका टाळायला. सिग्नल हिरवा झाला म्हणून नाही, पुढचा विचारात पडलाय म्हणून नाही, ओळखीचा दिसला म्हणून तर नाहीच. इतक्या वर्षांत कमावलेलं कौशल्य एका फटक्यात रद्दबातल! रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी प्रत्येक गाडीने आधी पूर्ण थांबायचं, खात्री करायची, मग पुढे जायचं. मागे रांग लागते आणि ती रांग गप्प असते. आपल्याकडे निदान कुणी विचारतं तरी, ‘ओ काका, झोपलात का?’ त्यात एक जिव्हाळा असतो.

गाडीतल्या नकाशाला ठिकाणाचा फोन नंबर दिला की तो थेट दारात नेऊन सोडतो. सोय म्हणायची, पण टपरीपाशी काच खाली करून रस्ता विचारण्याचा नागरिकाचा हक्क त्यात हिरावला जातो, याची दखल कोण घेणार? पार्किंगमध्ये जमिनीतून लोखंडी फळी वर येते आणि पैसे भरल्याशिवाय खाली बसत नाही. फळीला ‘पाचच मिनिटं, दादा’ म्हणता येत नाही. पेट्रोल भरल्यावर पंपावरचा मुलगा कमरेतून वाकून निरोप देतो. स्टिअरिंग धरून उलट वाकायचं कसं, याचं मार्गदर्शन भाडेकराराच्या कागदांत कुठेही नव्हतं.

हे सगळं सोसलं असतं. मुख्य तक्रार पुढेच आहे.

हिमेजीचा किल्ला १९९३ पासून जागतिक वारसा. मुख्य इमारतीत शिरताना बूट काढून पिशवीत घालायचे, पिशवी हातात घ्यायची आणि सहा मजले चढायचे. जिने असे उभे, की गुडघ्यांना स्वतंत्र निवेदन द्यावंसं वाटतं. गाडी तेवढा वेळ खाली आरामात, भाडं चालू.

ओकायामाची कोराकुएन बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवून घेतली, १७०० साली पुरी झाली. आत अर्थातच पायी. तलाव, टेकडी, कापून बसवल्यासारखी हिरवळ, आणि सौ. शांतपणे म्हणाल्या, “अहो, हे सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानासारखंच आहे की!” आपलं उद्यान या बागेवरून केलं, हे मला ठाऊक आहे. पण मुळाने नकलेसारखं दिसावं, हा शिष्टाचाराचा भंग नाही का? सांगवीहून सिंहगड रस्त्याला विमान लागत नाही. वेळ मात्र, आपली वाहतूक बघता, जवळपास तेवढाच.

शिराकावा-गोला जाताना हिदा बोगदा लागला, जवळजवळ ११ किलोमीटरचा. एवढा बोगदा गाड्यांसाठीच खोदला असेल ना? पलीकडे गाव १९९५ पासून वारसायादीत; गवताने शाकारलेली उंच उतरती छपरं, आणि आत माणसं अजून नांदतात. पाहून डोळे निवतात, हे नमूद करणं भाग आहे. पण गाडी नदीच्या अलीकडे लावायची आणि पूल पायी ओलांडायचा. पायी ओलांडायला आमच्याकडे मुळेवर पूल नाही का?

भाडं गाडीचं भरायचं, संस्कृती सगळी पायी बघायची! परत करताना टाकी काठोकाठ भरून द्यायची, ते वेगळंच. दाद मागावी तर तिथे वाद घालायलाही कुणी भेटत नाही. जो तो आधीच माफी मागून मोकळा होतो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर परवाना जपून ठेवा, पटकन निघतील असेच बूट घाला, आणि हॉर्नची सवय विमानतळावर जाण्याआधी सांगवी फाट्यावर यथेच्छ भागवून घ्या.